एक वर्ष उशिरा आलेला तांबडा पट्टा

वुहान, १४ जानेवारी १९८६

ती. सूचिनताईस,
सा. न. वि. वि.

आईचं पार्सल काल मिळालं. वाळवलेली कोळंबी, शेंगदाण्याच्या वड्या, आणि तळाशी तिनं स्वतः शिवलेला तांबडा कमरपट्टा. मी बैलाच्या वर्षातली, आणि बैलाचं वर्ष तर आता सरत आलं! आपल्या जन्माच्या प्राण्याचं वर्ष बारा वर्षांनी फिरून आलं की ते बाधतं, म्हणून आईनं तांबडं बांधायला द्यायचं ते त्याच्या आधी. गेल्या वर्षी मी टपालाची वाट पाहून थकले. शेवटी दुकानातून पट्टा आणला, तर सासूबाई म्हणाल्या की स्वतः विकत घेतलेला लागू पडत नाही. आणि आता फेब्रुवारीत वाघाचं वर्ष लागणार, तेव्हा हा आला.

ताई, आई विसरायला लागली आहे का? आमच्या गिरणीतल्या एका बाईंच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी सण चुकले, मग मुलांची नावं. तू रोज तिच्याकडे जातेस, खरं काय ते लिही. मला झोप नाही.

आपल्या भावाच्या, थ्येनफूच्या लग्नासाठी रजा मिळाली आहे. नवरीचा हात धरून तिला उंबरठ्याच्या आत घ्यायचा मान मुलगा आणि मुलगी दोन्ही असलेल्या बाईचा, म्हणून तो माझा. तुला तीन मुलगेच, त्याला मी काय करू? जळू नकोस. भाच्यांना पापे.

तुझी,
पेइलान


छ्वानचौ, २१ जानेवारी

चि. सौ. पेइलानीस,
अ. उ. आ.

जळतंय माझं खेटर. पण तुझं पत्र वाचून मी तशीच आईकडे गेले. वर्षअखेरची झाडलोट चालली होती. नवरीचा पलंग तिनं तीनदा हलवला, झोपताना पाय दाराकडे नकोत म्हणून. मी विचारलं, पट्टा एक वर्ष उशिरा कसा गेला? ती म्हणाली, वेळेवरच गेलाय. मी म्हटलं, अगं, ती बैलाची. तशी हातातला फडका ठेवून ती खाली बसली आणि म्हणाली की मला काही विसरायला होत नाही, तेच माझं दुखणं आहे.

पेइलान, तू वाघाच्या वर्षातली आहेस. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, उन्हं वर येताना जन्मलीस. आजीनं बजावून ठेवलं होतं, वर्ष उलटल्यावर मुलगी झाली तर ती घरात ठेवायची नाही, वाघीण घर खाते. खाडीपलीकडचं एक कोळ्याचं घर तिनं ठरवूनही ठेवलं होतं. पण आजी पहिली उदबत्ती लावायला आदल्याच दिवशी डोंगरावरच्या देवळात गेली होती. दुपारी परतली, तेव्हा आईनं सांगितलं की पोरगी काल दिवेलागणीलाच झाली. सुईणीला कोंबडी दिली. चुलीचा देव वर्षअखेरीला वर स्वर्गात चुगली करायला जातो, म्हणून दर वर्षी त्याचं तोंड चिकटावं असं त्याला आपली आई दुप्पट काकवी फासायची, ती ह्यासाठी. आपण तिला उधळी म्हणायचो, आठवतं? मला रडूच आलं.

आता वाघाचं वर्ष आलं आणि लेकीला तांबड्यावाचून सोडवेना तिला. वाटलं, तू मुकाट्यानं बांधशील. तू कसली बांधतेस, लहानपणापासून चौकशा फार!

वाघाच्या बाईनं घरात येणाऱ्या नवरीसमोर जायचं नसतं, हे तुला ठाऊक आहे. पण हे आपल्या तिघींतच आहे. तू गुपचूप ये आणि मान घे. आमच्याकडचे तुला नमस्कार सांगतात.

तुझी ताई,
सूचिन


वुहान, २७ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र चार वेळा वाचलं. कोळ्याच्या घरात मी कोण झाले असते, ह्याचाच विचार करते आहे. वर्षाच्या पहिल्या दिवशी कचरा काढायचा नाही म्हणून आजी केरसुणी लपवायची आणि आपण शेंगांची टरफलं अंगणभर करायचो, ते सगळं माझं नसतंच झालं. आजीनं मला खांद्यावर बसवून दिव्यांची मिरवणूक दाखवली होती गं. तिच्यावर रागावताही येत नाही.

पण लग्नाला मी येत नाही. माहीत नव्हतं तोवर ठीक होतं. उद्या त्या पोरीचं काही कमीजास्त झालं तर थ्येनफूच्या तोंडाकडे मी कशी बघू? रजा मिळाली नाही असं सगळ्यांना सांग. पट्टा बांधला आहे. आईला म्हणावं, घट्ट बसला.

तुझी,
पेइलान


छ्वानचौ, १ फेब्रुवारी

माझ्या पेइलानला आईचा आशीर्वाद.

टपाल कचेरीबाहेरच्या लेखकबुवांकडून लिहून घेते आहे. ते म्हणतात, भाषा नीटनेटकी करतो. मी म्हटलं, बोलते तसंच लिहा. सूचिननं तुझं पत्र मला वाचून दाखवलं.

मी नवरीच्या आईकडे जाऊन आले. माझी धाकटी वाघाची आहे, छत्तीस वर्षं मी खोटं बोलले, असं तोंडानं सांगितलं. बाईंनी मला चहा ओतून दिला. मग म्हणाल्या, रीत तेवढी पाळा, बाकी घर तुमचं आहे. तेव्हा रीत पाळायची. नवरीचा हात सूचिनची जाऊ धरेल. नवरी आत येईल तेव्हा तू मागच्या खोलीत थांबायचंस आणि मी तुझ्याजवळ थांबणार. सासूच नाही तर कसं, म्हणून सूचिन ओरडली. तिला ओरडू दे. थ्येनफू तुझ्या बसची वेळ विचारायला गेला.

आणखी एक सांगायचं राहिलंय. तुझा वाढदिवस आम्ही वर्षअखेरच्या दिवशी करायचो, तो तुझा नव्हताच. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव शेवया आणि अंडं खातं. आपल्याकडे मी सगळ्यांच्या वाडग्यात एक अंडं घालायची, तुझ्यात दोन. सूचिन भांडायची, मी म्हणायची, धाकटी आहे. वाडगा हातात देताना तोंडातल्या तोंडात म्हणायची, पोरी, आज तुझा दिवस, शंभर वर्षं जग. तुला कधी ऐकू आलं नसेल. आजी समोर बसलेली असायची.

वर्षाच्या पहिल्या दिवशी सकाळी घरी असशील अशी ये. मला ते एकदा मोठ्यानं म्हणायचं आहे.

वाट पाहणारी,
तुझी आई