तळ्याची माझ्याकडची बाजू

मी, या गल्लीत ‘चष्मेवाली थोरली’ म्हणून ओळखली जाणारी बाई, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहिते. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव आणू शकेल असं माणूस एकच होतं आणि ते बरीच वर्षं माझ्याशी बोलत नाही.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलाला. घर त्याने विकावं की भाड्याने द्यावं, हे त्याचं तो बघेल. मात्र मागचं तळं बुजवून तिथे गाडी उभी करायचा त्याचा बेत मला ठाऊक आहे. “आई, डास होतात गं,” असं तो फोनवर म्हणतो. डास होत नाहीत, मासे खातात. म्हणून तळं घराबरोबर जाणार नाही. त्याचं कलम वेगळं.

कलम २. दुकानातलं काचा घासायचं यंत्र आणि सगळी हत्यारं माझ्या कारागिराला. त्याने फ्रेमचे स्क्रू जरा कमी आवळावेत. लोकांना चष्मा काढताही यायला हवा.

कलम ३. तळं. हे तळं आमच्या वडिलांनी खणलं. ते गेल्यावर माझ्यात आणि धाकट्या बहिणीत घराची वाटणी झाली, तेव्हा मधली भिंत नेमकी तळ्यावर आली. गवंड्याला पाण्यात पाया घालता येईना. त्याने तळ्यावर आडवी तुळई टाकली आणि तिच्यावर भिंत चढवली. तुळई आणि पाणी यांच्यात वीतभर फट राहिली. ती बुजवा असं दोघींपैकी एकीनेही म्हटलं नाही.

आमचं भांडण मालमत्तेचं नव्हतं. मासे तिचे होते आणि वर तरंगणारी पाणकोबी माझी. मऊ, लव असलेल्या पानांची ही झाडं. मुळं मातीत न जाता पाण्यात लोंबतात. वाटणीच्या आधीच्या उन्हाळ्यात एका सकाळी सगळे मासे उलटे तरंगताना सापडले. ती म्हणाली, “तुझ्या पानांनी पाणी गुदमरलं.” मी म्हणाले, “तूच खायला घालून घालून मारलेस.” तेव्हा तिने जो अबोला धरला, तो आजतागायत. पुढे तिने नवे मासे आणले. ते सावलीसाठी भिंतीखालून माझ्याकडे येतात, आणि वारा सुटला की माझी झाडं तिच्याकडे जातात. जुने मासे जास्त खाण्यानेच मेले, हे म्हणणं मी मृत्युपत्रातही मागे घेत नाही. हे वाक्य वकिलांनी गाळायला सांगितलं होतं. गाळलेलं नाही.

यंदा मी बरेच दिवस दवाखान्यात होते. पाणकोबीला ऊन मिळालं की ती पसरतच जाते. तळं गच्च झालं असेल, अशी मनाची तयारी करून मी मागचं दार उघडलं. अर्धं पाणी मोकळं होतं. पिवळी पानं खुडलेली होती, झाडं विरळ केलेली होती आणि एकही मूळ तुटलेलं नव्हतं. भिंतीखालून काठी घालून झाडं पलीकडे ओढायची, साफ करायची आणि परत इकडे ढकलायची, एवढा उपद्व्याप दुसरं कोण करणार? ज्या पानांनी तिचे मासे मारले असं ती म्हणते, तीच पानं तिने माझ्यासाठी जगवली. मी पायरीवर बसून रडले. वकिलांना हेही गाळायचं होतं.

तेव्हा तळ्याची माझ्याकडची बाजू, पाण्यासह आणि पानांसह, मी धाकट्या बहिणीला देते. तिने ती नाकारली तर ती मुलाकडे जाईल. मग तळ्याचं काय होईल ते वर आलंच आहे.

कलम ४. पानांची निगा. तिला हे माहीत असेल, तरी थोरली म्हणून सांगते. पानांवर वरून पाणी ओतू नये, कुजतात. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून मग तळ्यात सोडावं. अर्धं पाणी कायम मोकळं असावं. हे मी पहिल्यापासून म्हणत आले आहे. काढलेली झाडं ओढ्यात फेकू नयेत, खड्ड्यात पुरावीत. ओढ्यात ती पसरली की मासे गुदमरून मरतात. ओढ्यातले मासे.

कलम ५. ज्याला या पत्रातून काही मिळायचं आहे त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याचा हिस्सा रद्द होतो, असं वकील सांगतात. म्हणून धाकटीला आज फक्त ऐकायला बोलावलं आहे. निरोप डॉक्टरीणबाईंबरोबर पाठवला. येते की नाही कोण जाणे. दुसरे साक्षीदार म्हणून कोपऱ्यावरचे औषधवाले येतील.

स्थळ: तळ्याकडची खोली. दिनांक: पहिल्या पानावरच्या शिक्क्यातला.

लिहून देणारी: (सही) थोरली

साक्षीदार १: (सही) डॉक्टरीणबाई. यांनी माझ्यासमोर सही केली. हात थरथरत होता, डोकं नव्हे.

साक्षीदार २: (सही) लिहून देणारीची धाकटी बहीण. औषधवाल्यांना मी दारातून परत पाठवलं. सही केली तर तळं मिळणार नाही, हे वकिलांनी मला नीट समजावलं आहे, आणि म्हणूनच सही करते आहे. ताई समोर बसलेली असताना तिचं तळं मी घेणार नाही. भाच्याने गाडीचा बेत सोडून द्यावा. अर्धं तळं बुजवता येत नाही आणि दुसरं अर्धं माझं आहे. मासे पानांनीच मेले. ओढ्याचं वाक्य तिचं तिनेच लिहिलं आहे. ताई, पानं परत पिवळी पडली आहेत आणि माझा हात आता काठीने तिथवर पोचत नाही. उद्या सकाळी दारानेच येते. कडी काढून ठेव.