तलावातली चिलापी आणि एक मरळ

मंगळवार, संध्याकाळ

आज गावच्या तलावात पाच वेळा जाळं टाकलं. दर वेळी चिलापीच, तीही बोटाएवढी. सोबत आलेल्या शेजारच्या आबांना मरळ हवी होती. त्यांच्या घरी काकूंचं ऑपरेशन झालंय, मरळ खाल्ली की टाके लवकर भरतात म्हणतात.

सहाव्या वेळी मरळ आली, हातभर लांब. आबा खूश. तेवढ्यात काठाच्या गवताजवळ तिची लालसर पिल्लं दिसली, एकाच ठिकाणी गोळा होऊन वळवळत होती. ती राखायला नसली की चिलापी त्यांचा फडशा पाडणार. आबा म्हणाले, "सोड रं तिला. उरल्यात तरी किती?"

मी सोडली. आणि मग गप्प राहवेना. पलटणीतून रिटायर होऊन आलो त्या वर्षी धरणावरून कॅन भरून चिलापी आणली आणि इथं सोडली, ती मीच. लवकर वाढते, एवढंच ठाऊक होतं. इतकी वर्षं का लपवलं? कोण काय म्हणणार होतं?

"आबा, चिलापी मी सोडली हुती."

"ठाव हाय मला."

"मग बोलला का न्हाई?"

"पहिली दोन वर्सं मीबी लय खाल्ली की गड्या."

काकूंसाठी शेवटी आबांनी चिलापीच नेली. त्यांना काय सांगणार, ते मी विचारलं नाही. उद्यापासून रोज सकाळी दोघांनी मिळून चिलापी काढायची ठरलंय. ती संपणार नाही, हे दोघांनाही माहीत आहे.