‘किनारा’तलं काकूचं पातेलं

मेहकर
रविवार, ५ ऑक्टोबर

चि. हर्षल यास आईचे अनेक आशीर्वाद. सौ. दीपमालाले आशीर्वाद अन् निशूले गोड पापा.

पाकीट पाहून घाबरू नको. मी धड आहे. आता म्हणशील, रोज फोन होते तं पत्र काऊन? अरे, फोनवर तू घाईत असतोस. तू विचारतोस, "आई, जेवलीस का?" मी म्हणते, "हाव, जेवली." तू म्हणतोस, "बरं, ठेवतो मग." एवढ्यात माणसानं काय सांगावं? अन् जास्त बोलायले गेली की मी रडते, नाही तं भांडते. म्हणून कागद घेतला. अंगणवाडीचे अहवाल लिहून लिहून हाताले वळण आहे अजून.

दीपमाला परवा बोलता बोलता म्हणाली की घराले गिऱ्हाईक पाह्यलं आहे, दिवाळीले तुम्ही येणार अन् मले पुण्याले नेणार. खालचा गाळा तेव्हापर्यंत रिकामा कर, असं तू शेखरले सांगितलं हेही तिच्याच तोंडून कळलं. शेखर मले एका शब्दानं बोलला नाही. त्याचंच उत्तर द्यायले बसली आहे मी. पण सरळ देता येत नाही, आधी खालच्या हॉटेलचं सांगते. कंटाळा करू नको, सगळं वाच.

तू शेखरले फक्त फोनवर ओळखतोस. अमडापूरचा पोरगा. अकरा वर्षं अमेरिकेत समुद्राकाठच्या एका शहरात, गल्लीतल्या हॉटेलात आचारी होता. तिथं एकाच चुलीवर दोन तऱ्हेचं खाणं होते म्हणे. एक क्रिओल, म्हणजे तिकडच्या खाडीकडच्या लोकांचं झणझणीत, अन् दुसरं इटालियन, म्हणजे शेवया, टमाटे अन् लसूण. दोन्हीत मासोळी पाह्यजेच. बाप थकला म्हणून बायकोले घेऊन परत आला अन् तेच हॉटेल आपल्या गाळ्यात टाकलं. पाटी लावली, ‘किनारा’.

समोरचे भगवंतराव टेलर पाटी पाहून म्हणाले, "काऊन बे, मेहकरात कुठला किनारा आला?" शेखर म्हणाला, "काका, पेनटाकळीच्या धरणाले काय काठ नाही?" मासोळी तिथूनच येते त्याची. झिंगे, मरळ, रोहू, रोज सकाळी.

भिंतीवर खाण्याची नावं अशी की माणूस वाचूनच परत जाईल. म्हणून त्याच्या बायकोनं, करिष्मानं, प्रत्येक नावाखाली मराठीत लिहिलं. गम्बो – भेंडी-झिंग्याचं दाट कालवण. जांबलाया – मासोळीचा खिचडीभात. पास्ता – जाड शेवया. डोणगावची पोरगी आहे, डोकं चालते तिचं. आता लोक येतात अन् सांगतात, "एक दाट कालवण दे, अन् दोन भाकरी." शेखर आधी तोंड वाकडं करायचा. म्हणायचा, हे भातासंगं खायचं असते. भगवंतरावनं त्याच्या देखत गम्बोत भाकरी कुस्करली, वरून कांदा फोडून घेतला अन् वाटी पुसून खाल्ली. तेव्हापासून तो गुमान भाकरी देतो. जाड शेवयांसंगं मिरचीचा ठेचाही ठेवतो आता.

ते कालवण करताना तो कणीक तेलात भाजतो. भाजतो म्हणजे किती, तं पार कुळिथाच्या रंगावर येईपर्यंत. पहिल्यांदा मले वास आला तं मी वरूनच ओरडली, "अरे, करपलं तुझं, उतरव." तो म्हणाला, "काकू, अजून अर्धं राह्यलं." मी जिन्यावर बसून पाह्यलं. हात थांबवत नाही गडी. मनात म्हटलं, याच्या मायनं शिकवलं चांगलं. मग कळलं की माय लहानपणीच गेली त्याची.

आता त्याची फजिती ऐक. एवढं सगळं करून त्यानं हॉटेल उघडलं कधी? श्रावणाच्या पहिल्या दिवशी. ज्या महिन्यात आपल्याकडे कसाई अन् भोई दोघं घरी बसतात, त्या महिन्यात यानं मासोळीचं हॉटेल उघडलं. साऱ्या बाजारात हसू झालं. "अमेरिकेत राहून पोरगं पंचांग विसरलं," असं जो तो म्हणे. टेबलं पुसून ठेवलेली, पंखे चालू अन् आत चिटपाखरू नाही. नवरा-बायको एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसलेले. मले मोठी कीव आली.

मी खाली गेली अन् झाडलाच त्याले. "अरे, कोण्या शहाण्यानं सांगितला तुले हा मुहूर्त? महिनाभर काय भिंतीले वाढशील?" तो खाली मान घालून म्हणाला, "चुकलंच काकू. पण आता चूल पेटवली, विझवू कशी? तुम्हीच पहिलं गिऱ्हाईक व्हा, म्हणजे पायगुण लागन." मी गळ्यातली तुळशीची माळ दाखवली. म्हटलं, "तुझ्या बोहनीसाठी मी काय माळ तोडू?" तं करिष्मा आतून एक पातेलं घेऊन आली. नवं कोरं, दुकानाची चिठ्ठीही निघाली नव्हती. म्हणाली, "काकू, यात मासोळी कधी पडणार नाही. पळी वेगळी, झारा वेगळा, फळीही वेगळी." तिकडे लाल राजम्याचा भात करतात म्हणे, तोही सोमवारीच. मी म्हटलं, मेहकरात राजमा कोण खाते? बरबटी घाल. माझ्याच डब्यातली दिली, दीपमाला चवळी म्हणते ती. त्यानं बरबटी शिजवली, कांदा, ढोबळी मिरची, लसूण परतून घातलं अन् गरम भातावर वाढलं.

हर्षल, तुले आठवते का, आपल्या घरी मासोळीचं पातेलं गोठ्यात खुंटीले टांगलेलं असे? तुझे जानरावमामा आले की मागं तीन दगडांची चूल मांडत. तू तिथंच खायचास अन् चूळ भरल्याशिवाय बाबा तुले उंबरा ओलांडू देत नसत. इथं उलटं झालं. सारं हॉटेल मासोळीचं अन् माझं एकटीचं पातेलं वरच्या फळीवर. त्याच्या कानाले करिष्मानं लाल दोरा बांधला आहे. माणसांची गर्दी असो, गॅस कमी पडो, त्या पातेल्याले कोणी हात लावत नाही. काकूचं पातेलं म्हणतात त्याले. आता तं गावातले माळकरीही येऊन विचारतात, "काकूच्या पातेल्यात काय आहे आज?" परवा एकजण बायको-पोरं घेऊन आला. पोरांनी झिंगे खाल्ले अन् ह्यानं माझ्या पातेल्यातल्या जाड शेवया. एकाच टेबलावर बसून. तुझ्या बाबांनी पाह्यलं असतं तं काय म्हटलं असतं कोण जाणे. मले वाटते, आधी रागावले असते अन् मग अजून थोड्या मागितल्या असत्या.

हे सगळं तुले गमतीचं वाटन. आता जे सांगायचं टाळत होती ते सांगते.

बाबा माघात गेले. तुम्ही तेरावं करून गेलात. पाहुणे गेले. त्यानंतर मी स्वयंपाक केला नाही. म्हणजे एक-दोनदा केला. परातीत पीठ घेतलं की हात आपोआप दोघांचं घेते. जास्तीचं पीठ डब्यात परत टाकताना माझ्या जिवाचं असं पाणी होई की मी परातच मांडणीवर उलटी घातली. चहा करायची. त्यात टोस्ट. कधी मुरमुरे. तू सकाळी विचारायचास, जेवलीस का. मी म्हणायची, हाव. संध्याकाळी विचारायचास, मी म्हणायची, हाव. त्यातलं एकही खरं नव्हतं रे. गावभरच्या लेकरांले मी खिचडी भरवली, वजनं केली, त्यांच्या मायांना रागावली, अन् स्वतःच्या लेकराले खोटं सांगत बसली. तुले दोष देत नाही. तू रोज विचारत होतास, तेवढंही कोण विचारते? पण मले बोलताच येत नव्हतं.

आषाढात शेखर-करिष्मा गाळा पाहायले आले. मी त्यांच्यासाठी पाणी आणायले उठली अन् उंबऱ्यातच पडली. डोळे उघडले तं दवाखान्यात. करिष्मा माझे पाय चोळत होती. डॉक्टरनं तपासलं अन् विचारलं, "मावशी, शेवटचं पोटभर कधी जेवल्या?" मले आठवेना. डॉक्टर म्हणाले, बाकी रोग नाही काही, यांच्या पोटात अन्न नाही, दोन वेळ जेवल्या नाहीत तं पुढच्या वेळी उठणार नाहीत. मी त्या दोघांले तिथंच तुझ्या बाबांची शपथ घातली, की हर्षलले कळवायचं नाही. त्यांच्यावर रागावू नको. शपथ माझी होती.

मग करिष्मा घरून ताट पाठवू लागली. मी झाकलेलं ताट तसंच परत करायची. "जेवली मी." कोणाच्या दारचं ताट काऊन घ्यावं? तुले माहीत आहे माझा स्वभाव. त्यानंतर चार-आठ दिवसांत हॉटेल उघडलं, श्रावण लागला अन् मी दया येऊन खाली गेली. रोज जायची. म्हटलं, आपण नाही बसलो तं बिचाऱ्याची चूल बंद पडन. पहिल्या दिवशी चार घास गेले. पोट विसरूनच गेलं होतं. चौथ्या घासाले मले बाबांची आठवण आली अन् मी टेबलावर डोकं टेकून रडली. शेखरनं पंखा माझ्याकडे वळवला अन् कांदा चिरायले निघून गेला. हळूहळू आठ घास झाले. मग ताट झालं. आता वजन कर माझं, तूच पाहशील.

पोळा झाला, श्रावण सुटला अन् दुसऱ्या दिवशी, करीले, सारं गाव मटण-मासोळी खायले सुटलं. ‘किनारा’त उभं राहायले जागा नव्हती. मी आत बसून करिष्माले लसूण सोलून देत होती. भगवंतराव बाहेरून ओरडले, "आता कळला का रे तुले महिना?" सगळे हसले. मीही हसली अन् म्हटलं, "पोरगं महिनाभर उगाच बसलं गं." तं करिष्माच्या हातातली सुरी थांबली. म्हणाली, "काकू, आमचं ठरलं होतं करीलेच उघडायचं. निमंत्रणं तशीच छापली होती. अमडापूरचा माणूस श्रावण विसरन का? तुम्ही ताट परत पाठवायच्या. हे म्हणाले, काकू कोणाचं घेणार नाहीत, पण कोणाचं नुकसान होताना पाहून बसणारही नाहीत. म्हणून उघडलं."

मी लसूण तसाच टाकला अन् मोरीत जाऊन तोंड धुऊन आली. शेखर कढईसमोर उभा होता, ती कणीक भाजत. साऱ्या बाजारानं त्याले येडा म्हटलं, मीही म्हटलं, अन् हा खाली मान घालून "चुकलंच काकू" म्हणत होता. एका माणसाच्या दोन वेळच्या ताटासाठी. ना नात्याचा, ना गोत्याचा. हर्षल, देवानं मले एवढ्यात खूप दिलं रे. मी रोज दिवा लावताना त्या दोघांचं नाव घेते.

आता तुझं उत्तर. मी पुण्याले येणार नाही. तुमच्याकडे काही कमी आहे म्हणून नाही. दीपमाला माझी सून नाही, लेक आहे. थंडीत महिनाभर येईन, निशूले गोष्टी सांगीन. पण राहायले नाही. तिथं तुम्ही डबे घेऊन निघाले की मी झाकलेल्या ताटासमोर एकटी बसीन, अन् मग माझं मले माहीत आहे काय होईन. घर माझ्या नावानं आहे, तोवर त्याले गिऱ्हाईक पाहू नको. अन् शेखरले आजच्या आज फोन कर. गाळा रिकामा करायचा नाही, असं तुझ्या तोंडानं सांग. तो तुले उलटून बोलणार नाही, निमूट सामान बांधन. तसा आहे तो. म्हणून मीच मधी आडवी येत आहे.

दिवाळीले सगळे या. लाडू मी करीन. परात मांडणीवरून काढली आहे, दोघांचं पीठ भिजलं तं उरलेलं खाली देते. आल्या दिवशी मात्र जेवण खालीच. तू झिंगे खा, मी माझ्या पातेल्यातलं खाईन. चूळ भरायची गरज नाही.

अन् यापुढं फोनवर "जेवलीस का" असं विचारू नको. "काय जेवलीस" असं विचार. खोटं बोलणारीले त्याचं उत्तर पटकन सुचत नाही. आज विचारशील तं सांगते. बरबटीचं दाट कालवण, वर लिंबू, भात अन् दीड भाकरी. अर्धी भगवंतरावले दिली.

पोटभर जेवून बसलेली,
तुझी आई