दोन मात्रांची जागा

४ मार्च, सोमवार

— आणि त्या सकाळी मी चादरी पिळत होते. एक टोक दाराच्या कडीला बांधलेलं, कारण ते धरायला हे घरी नव्हते, लढाईवर होते. पाणी भरून झालं होतं, भांडी राहिली होती. तारवाला आला. मला वाचता येत नव्हतं, त्यानेच वाचली. मागाहून पत्र आलं — टेकडी आपण जिंकली, आपल्या बाजूचे हे एकटेच पडले.

सहा वर्षं झाली. मग छापखान्यात लागले, छपाईचे शिशाचे खिळे जुळवता जुळवता अक्षरं शिकले. तीही उलटी!

आज सगळं वर आलं, कारण हेडमास्तरांची कविता जुळवायला आली. त्याच टेकडीची. शुक्रवारी विजयदिनाला शाळेतली सगळी मुलं म्हणणार. तोफा गरजतात, कडे हादरतात. ठीक आहे. पण शेवटी —

शत्रु सारा पार झडला, आमुचा ना एक पडला!

खिळा हातातच राहिला.

५ मार्च, मंगळवार

मालकांना म्हटलं, ओळ खोटी आहे. "वहिनी, कविता म्हणजे काय पंचनामा आहे?"

दुपारी हेडमास्तर स्वतः प्रूफ वाचायला आले. त्यांनाही सांगितलं. कागदावरून मान वर न करता — "बाई, याला वृत्त असतं. ऱ्हस्वाची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. ओळीत चौदा. एक इकडची तिकडे झाली तर मुलं अडखळतील."

मुलं अडखळतील! माणूस गेला तर चालतो, मात्रा जाता कामा नये! ह्यांचं नाव घाला असं मी म्हटलंच नव्हतं. नुसतं खोटं बोलू नका म्हटलं.

घरी येऊन सासूबाईंना ओळ वाचून दाखवली. त्या चष्मा पुसत राहिल्या. "एकही पडला नाही? मग माझा मुलगा गेला कुठे गं — बाजाराला?"

मला हसू आलं. त्यांनाही.

६ मार्च, बुधवार

दिवसभर बोटांवर मोजते आहे. आ, मु, चा. दोन, एक, दोन. ना — दोन.

७ मार्च, गुरुवार

सकाळी 'ना' काढला. त्या जागी 'ही' बसवला. आमुचाही एक पडला. पाचशे प्रती छापल्या. मग पहिली प्रत घेऊन हेडमास्तरांच्या घरी गेले, त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "मोजा."