कापलेल्या दोराचं वजन

सोमवार, २ ऑक्टोबर
एकाहत्तराव्या वर्षी मला नोकरी लागली! माझा मुलगा साकेलारिस लोकांच्या शिडाच्या नौका या बंदरातून त्या बंदरात पोचवून देतो. या खेपेला आमच्या कालिम्नोस बेटावरून सिसिलीला, आणि आचारीण मी. सून थेमेलिना सुकाणू धरते, शिवाय माझी रोजनिशीही तीच लिहिते, कारण मला अक्षर येत नाही. मी बोलते, ती लिहिते. तिच्या स्वयंपाकाचा विषय निघाला की पेन्सिल हमखास अडते.

इथली चूल आकड्यांवर टांगलेली आहे. नौका कितीही कलली तरी ती सरळ राहते. देवा, असा नवरा द्यायचास! माझा मिकेस स्पंज काढणारा पाणबुड्या. तो तळाशी, मी वर होडीत, त्याच्या कमरेचा दोर माझ्या हातात. बाई दोर धरते म्हणून लोक हसायचे. दोराला चार झटके आले की वर ओढायचं. आमच्या बेटावर दारुड्याला माफी आहे, चोरालाही आहे, दोर सोडणाऱ्याला नाही.

बुधवार, ४ ऑक्टोबर
नौकेच्या मालकाने दिलेला कागद साकेलारिसने वाचून दाखवला. निर्वासितांची होडी दिसली तर छोट्या नौकेने काय करायचं, ते त्यात आहे. बचाव केंद्राला कळवा. अगदी जवळ जाऊ नका, माणसं एकदम एका बाजूला धावतात आणि दोन्ही होड्या उलटतात. पाणी द्या, तरंगणारी जाकिटं टाका, मदत येईपर्यंत नजरेआड होऊ नका. मी म्हटलं, शहाण्याचा कागद आहे; पण मदत आलीच नाही तर काय, ते मागच्या बाजूला लिहिलंय का बघ. साकेलारिसने खरंच उलटून पाहिलं. कोरं होतं.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर
चोहीकडे पाणी. दुपारी निळी लाकडी होडी दिसली, इंजिन बंद. अक्षर येत नसलं तरी मोजता येतं मला: एकतीस माणसं. पुढे पिवळ्या ओढणीची बाई, मांडीवर मूल.

साकेलारिसने वायरलेसवर केंद्राला कळवलं. ते म्हणाले, थांबा. तासाभराने म्हणाले, तो भाग आमचा नाही, पलीकडच्या देशाला विचारा. पलीकडचे म्हणाले, अलीकडच्यांना विचारा. मी म्हटलं, समुद्राला कुंपण घातलंत तेव्हा आम्हाला बोलावलं नाहीत ते!

पाण्याच्या बाटल्या आणि सगळी जाकिटं दोरीला बांधून सोडली. जाकिटं अकराच होती. त्यांची होडी लाटांना आडवी होत होती, म्हणून साकेलारिसने सव्वाशे हात लांब दोर टाकला आणि तिचं तोंड लाटांकडे धरून ठेवलं. पोराने बरोबर केलं. जेवताना मी तसं म्हटलंही, तर म्हणाला, आई, आज ताप आहे का तुला?

शनिवार, ७ ऑक्टोबर
केंद्राचा निरोप आला: दोर सोडा, निघून जा, मोठं जहाज तासाभरात पोचतंय, ओढत आणलीत तर माणसं चोरून आणल्याचा गुन्हा लागेल. साकेलारिसचा मित्र अशाच कारणाने दीड वर्ष तुरुंगात आहे. तरी साकेलारिस तीन तास थांबला. जहाज दिसेना. त्याने पुन्हा विचारलं, ते पुन्हा म्हणाले, निघा. थेमेलिना म्हणाली, त्यांना दिसतंय ना जहाज, मग आपण कोण? मी म्हटलं, तुला दिसतंय का? (हेही लिही.)

नौकेच्या मागच्या टोकाला दोर बांधलेला खुंटा आहे, तिथे दोरावर माझा हात होता. साकेलारिसने सुरी घेतली. मी म्हटलं, नको रे. तो होडीकडे बघून ओरडला, थांबा, मदत येतेय! आणि कापला.

रविवार, ८ ऑक्टोबर
वारा चांगला, तरी वेग निम्मा. मागे जाऊन पाहिलं. खुंट्याला कापलेल्या दोराचं हातभर शेपूट उरलं होतं, ते आता पाण्यात गेलंय, आणि ताठ आहे. ओझं ओढत असल्यासारखं. साकेलारिसने ओढून घेतलं तर हातभरच निघालं. तासाभराने पुन्हा पाण्यात. पुन्हा ताठ.

केंद्राला विचारलं, त्या लोकांना उचललं का? ते म्हणाले, कोणती होडी? आमच्याकडे नोंद नाही. साकेलारिसने वायरलेसवर मूठ आपटली. आपट बाबा, वायरलेसने तरी ऐकलं होतं.

सोमवार, ९ ऑक्टोबर
वेग आणखी कमी. इंजिन लावलं तरी तेवढाच.

सकाळी वायरलेसवर कुणीतरी बोललं, थांबा, मदत येतेय. आवाज साकेलारिसचा होता. साकेलारिस माझ्यासमोर कॉफी पीत होता.

दुपारी दोरावर हात ठेवला. एक. दोन. तीन. चार. मिकेस गेल्याला एकोणीस वर्षं झाली, पण हात विसरत नाही. मी सांगितलं, नौका वळव. तो म्हणाला, आई, हात थरथरतो तुझा, वय झालं. मी म्हटलं, वय माझं झालंय, दोराचं नाही. वळवली नाही.

मंगळवार, १० ऑक्टोबर
साकेलारिसने दोर खुंट्यापासून सोडून समुद्रात फेकला. कॉफी होईपर्यंत परत होता. बांधलेला. गाठ त्याचीच.

थेमेलिना रडत म्हणाली, वळव. वळवली. त्याच क्षणी दोर सैल. वेग ताशी सात मैल. शिडं उतरवलेली आहेत, इंजिन बंद —

बुधवार, ११ ऑक्टोबर
सकाळ. तीच जागा. जहाज नाही, कसलीच खूण नाही.

निळी होडी आहे. सगळे बसलेत. बाटल्या तशाच, न उघडलेल्या. कुणी हात हलवत नाही. मी हाक मारली, मूल कसं आहे गं? बाईने दोराचं दुसरं टोक पुढे केलं. साकेलारिसने गाठ मारली. थेमेलिना, लिहीत राहा, तिकडे बघू नकोस —

होडी रिकामी. आत्ता भरलेली होती. रिकामी —

आमची नौका खाली बसतेय. मागे ओलं ओलं वाजतंय. चुलीजवळ उभे आहेत, पायऱ्यांवर, माझ्या बिछान्यावर. कुणी धक्का देत नाही. जागा करून घेताहेत नुसते. बाईने मूल माझ्या मांडीवर दिलंय. जड आहे. गार —

साकेलारिस केंद्राशी बोलतोय. ते विचारताहेत, नौकेवर किती? तो म्हणाला, तीन. मी म्हटलं, पोरा, नीट मोज. चौतीस. सांग त्यांना. चौतीस.

सांगितलं. ते म्हणाले, थांबा.

फळीवर पाणी. साकेलारिसच्या हातात सुरी आहे, दोराकडे बघतोय — अरे, आता कुणाचा दोर कापणार —

थेमेलिना, वही वर धर. लिही, की आम्ही इथेच आहोत, की आम्ही कुणाला —