झैदची दूधबहीण

अगादीर बंदर
मंगळवार

प्रिय तूदा,

एवढं लिहून अर्धा दिवस कागद तसाच पडून राहिला. पुढे कसं लिहायचं तेच कळेना. चौथीत शाळा सोडली तेव्हापासून मी एवढं लांब काही लिहिलेलं नाही, तेव्हा चुका झाल्या तर हसू नकोस. म्हणजे हसलीस तर बरंच होईल. शुक्रवारच्या नमाजानंतर मशिदीचे फकीह निवाडा द्यायला आमच्या घरी येणार, आजीला समोर बसवून विचारणार, आणि ती जे बोलेल त्यावर आपलं लग्न होणार की मोडणार हे ठरणार. आजीने काय बोलायचं ते मी कळवायचं, असं सगळ्यांनी ठरवलंय. सगळा गाव माझ्या तोंडाकडे बघतोय, आणि मी इथे सार्डिनच्या ढिगाऱ्यात उभा.

आईचा फोन आला तेव्हा मी बर्फ फोडत होतो. ती काय सांगतेय ते पहिल्यांदा कळलंच नाही. मला वाटलं, घरात कुणी गेलं. कुणी गेलं नव्हतं. आई म्हणाली, लग्न होणार नाही, तूदा तुझी आत्या लागते. मी हसलो गं. खरंच हसलो. मग हातातला सोटा खाली पडला तो पायावर, आणि तरी मी तिथेच उभा. मुकादम ओरडायला लागला. मिमून, माझ्या खोलीत राहतो तो, धावत आला आणि मला खोक्यावर बसवलं. संध्याकाळी त्याला सगळं सांगितलं तर म्हणतो कसा, लोकांना हुंड्यात गाय मिळते, तुला आत्या मिळाली, ईदला मिठाई तरी आणेल. मी त्याची कॉलर धरली. मग मला रडू फुटलं. तोही रडला, त्याचं काय गेलं होतं कोण जाणे.

मी पुन्हा पुन्हा तो दिवस डोळ्यांसमोर आणतो. मी तिथे नव्हतो, पण तू सांगितलंस, आईने सांगितलं, त्यामुळे आता मी तिथे होतो असंच वाटतं. रबातहून आलेल्या त्या सिहामबाई. आपल्याकडची घरं कशी चालतात, कोण कुणाच्या चुलीवर जेवतं, कुणाची लेक कुणाकडे जाते, याचा अभ्यास करायला आलेल्या. असलाही अभ्यास असतो हे मला माहीत नव्हतं. आमच्या आईला तर वाटलं, सरकार शिधा देणार म्हणून मोजायला आलीय, तिने घरात दोन माणसं वाढवून सांगितली. त्यांना आपली बोली येत नाही आणि आजीला अरबी येत नाही, म्हणून मधे तू. तुझा मला किती अभिमान वाटला होता. मी बंदरावर सगळ्यांना सांगत सुटलो होतो, माझी बायको होणार आहे ती रबातच्या मास्तरीणबाईंची जीभ झालीय.

त्यांनी ताटात घरातली माणसं मांडायला सांगितलं. बायांसाठी बदाम, पुरुषांसाठी अक्रोड. आजीने आजोबा मांडले, बाबा मांडले, आई मांडली, मला मांडलं आणि माझ्या शेजारी मोठ्या हौसेने एक बदाम ठेवला. तू लाजलीस, असं आई म्हणाली. मग बाईंनी विचारलं, तुमची मुलं किती, जी राहिली नाहीत ती धरून. तू जसंच्या तसं विचारलंस. आजपर्यंत तिला हे कुणी विचारलेलं नव्हतं. आजीने पदराने ताटाची कड पुसली. मग मुठीतून आणखी एक अक्रोड काढला, बाबांच्या अक्रोडाला चिकटवून ठेवला आणि म्हणाली, हा झैद, चाळीस दिवसांचा होऊन गेला.

झैद. मी त्याच्या घरात वाढलो आणि हे नाव मी ऐकलेलं नव्हतं. तो जन्मला त्या वर्षी बाबा लांब कामाला होते, आई लग्न होऊन यायची होती, त्यांनाही कुणी सांगितलेलं नव्हतं.

आणि मग तिने माझ्या शेजारचा बदाम उचलून झैदपाशी ठेवला. त्या वर्षी तुझी आई डोंगरावर सरपणाला जायची, तुला आजीकडे ठेवून. आजीची छाती भरून यायची, फडक्याने आवळून बांधली तरी दुखायची, आणि तू भुकेने रडायचीस. तिने तुला घेतलं. बर्फ वितळेपर्यंत रोज. सांगितलं नाही कुणाला, कारण जिचं मूल गेलं तिचं दूध अपशकुनी म्हणतात, तुझ्या आईने पोर परत तिच्याकडे सोडलंच नसतं. आजीने हे सगळं हसत सांगितलं म्हणे. एवढ्या वर्षांनी कुणाला तरी सांगायला मिळालं म्हणून. तिच्या मनात काही खोट नव्हती, तूदा. मी फोनवर तिच्यावर ओरडलो, मग आजी, मागणीचे साखरेचे सुळके घेऊन तूदाच्या दारात गेलो तेव्हा सगळ्यात पुढे तूच होतीस, तेव्हा का बोलली नाहीस? तर म्हणते, दूध पाजलं की पोर माझ्या लेकांची बहीण होते, त्यांच्या लग्नाला ते आड येतं हे मला ठाऊक होतं, नातवाला येतं हे कोण सांगणार? तो तर दुसऱ्या पोटचा. मला वाटलं, माझी पोर माझ्याच घरी परत येतेय.



पण माझी झोप उडाली ती दुसऱ्याच गोष्टीने. आई तोवर बाहेर भट्टीवर गेली होती. खोलीत तुम्ही तिघीच. आजीचं बोलणं त्या बाईंना कळलेलं नव्हतं, आणि आपल्याच बोलण्याने काय मोडतंय ते आजीला कळलेलं नव्हतं. कळलं होतं ते तुला एकटीला. तू काहीही सांगू शकली असतीस. म्हातारी शेळीबद्दल बोलतेय म्हणाली असतीस तरी बाई मान हलवून पुढे गेल्या असत्या. बाई विचारत होत्या, एकच बदाम दोन ठिकाणी कसा? आणि तू सांगितलंस. शब्दाला शब्द. मग उठून बाहेर गेलीस आणि माझ्या आईलाही सांगितलंस. बाईंना अर्थ कळला तेव्हा त्या रडायला लागल्या, ताट मोडू का म्हणून तुलाच विचारत होत्या, आणि तू म्हणालीस, राहू दे, खरं आहे ते.

पहिले दोन दिवस मी तुझ्यावर जळत होतो. हे लिहायला नको, पण लिहितो. मूग गिळून बसायला काय झालं होतं हिला, असं वाटायचं. मला वाटलं, हिला मी नकोच असेन. माशांचा वास येणारा नवरा कुणाला हवा! इथे डोंगराच्या बाजूला एक खोली बघून ठेवली होती, खिडकीतून समुद्र दिसतो, तू कधी पाहिलेला नाहीस म्हणून. त्या खोलीकडे जाऊन मी बाहेरूनच दगड मारून आलो. काच फुटली नाही, तेही धड जमलं नाही.

मग फकीहचं कळलं. ते म्हणाले, दूध पाजताना पाहणारं दुसरं कुणी नाही, साक्ष एकट्या म्हातारीची. तिने माझ्यासमोर सांगितलं की माझी आठवण चुकली, तर मी लग्न अडवणार नाही, पुढचं तिचं आणि अल्लाचं. घरात जीव आला. आईने आजीला पुन्हा चहा द्यायला सुरुवात केली, तोवर तिच्यापुढे पेला आपटत होती. तुझी आईसुद्धा, जी दारात येऊन किंचाळली होती, "माझ्या लेकीला मेलेल्याचं दूध पाजलंस?" आणि मग तिथेच उंबऱ्यावर बसून आजीचे पाय दाबत राहिली, तीही म्हणाली, म्हातारीला चूक म्हणू दे, पोरांचं भलं होईल. आणि तू निरोप पाठवलास, फक्त एवढाच, की बस्सू म्हणेल तसं.

काल मी आजीला फोन केला. तयारीच करून बसली होती. नेहमीसारखी ओरडून बोलत होती, जणू अगादीर डोंगरापलीकडे हाकेच्या अंतरावर आहे. म्हणाली, "तू जिवाला लावून घेऊ नकोस, माझ्या राजा. मी सांगते फकीहला, म्हातारीचं डोकं फिरलंय, दूध नव्हतंच मुळी." मला केवढं हलकं वाटलं, तूदा, काय सांगू. मी हो म्हणणारच होतो. तोंडात आलं होतं. पण उगाच विचारून बसलो, फकीहने विचारलं की मूल झालं होतं तर दूध कसं नव्हतं, तर?  ती एकदम हळू बोलली. तिला हळू बोलता येतं हेच मला माहीत नव्हतं. म्हणाली, "झैद नव्हता म्हणेन. नाही तरी त्याला कोण ओळखतं?"

मी फोन ठेवला. तेव्हापासून हातातून मासळी निसटते, मुकादमाने आज घरी हाकललं. तिने ते पोर एवढी वर्षं एकटीने धरून ठेवलं, एकदाच मांडलं, आणि माझ्या लग्नासाठी ती त्याला पुन्हा पुरायला निघालीय. आणि तू, जिला गप्प बसणं सगळ्यात सोपं होतं, ती बसली नाहीस. मग मीच तेवढा कसा गप्प बसू?

मिमूनचा मेहुणा ट्रक घेऊन वर येतोय, त्याच्या हाती हे देतोय. फोन केला असता तर तुझा आवाज ऐकून मी भलतंच बोललो असतो, मला मी ओळखतो, म्हणून पत्र. माझं उत्तर नाही असं आहे. फकीह यायच्या आत आजीला सांग, बस्सू म्हणतो, झैद होता. दूध होतं. आजी, जे सांगितलंस तेच फकीहला सांग, आणि तो कुठे पुरलाय तेही बाबांना दाखव, त्यांनाही भाऊ होता हे त्यांना आत्ताच कळलंय. ईदला मी येईन. आता मी आलो की तुला आतल्या खोलीत पळायचं कारण नाही, समोर बसून चहा दे, कुणी काही म्हणणार नाही. मी वर बघेनच असं नाही. पहिल्या वर्षी तरी नाही. पण येईन.

तुझा भाचा,
बस्सू