जास्वंदीचा हार

मंगळवार, तिन्हीसांज

काजूच्या बागांत लेकरं घेऊन जाणाऱ्या आयांनो, आपल्याला परक्यांनी नाही, घरच्यांनी फसवलं आहे!

हे मी कुणाला सांगते आहे? समोर फक्त वही.

आज माझ्या चार वर्षांच्या मनूला आंघोळ घालताना तिच्या कानामागे गोचीड दिसली. आई रॉकेलची बाटली घेऊन धावली, तिला थांबवलं. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढली, जागा साबणाने धुतली. हात पुसत होते, तेवढ्यात मनू बोलली. "मामान मेलेल्या माकडाक हार घातल्यान. जास्वंदीचो."

दादाने नाकारलंही नाही. बागेत माकड मेलं, त्याने मारुतीचं रूप म्हणून हार घालून, नारळ ठेवून पुरलं आणि गप्प बसला.

"बोंब मारू नको गो. कळला तर काजी काढूक कोण येतलो? तुझा भाषण मंडपात ऱ्हवांदे."

गोचिडीतून माकडताप येतो, माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी बागेत पसरतात, मेलेलं दिसलं की लगेच कळवा, हे मी मंडपात गावाला ओरडून सांगितलं, तेव्हा पहिल्या रांगेत टाळ्या याच्याच होत्या. माकडाला जास्वंदीचा हार. आणि त्याच बागेत भाचीला खेळायला सोडताना मला एक शब्द नाही?

मनूला अजून ताप नाही. आता रोज कपाळाला हात लावून बघायचं.

दादा, ही वही तुझ्या ताटाशेजारी उघडी ठेवते आहे. उद्या सकाळी आरोग्य केंद्रात जा आणि माकड कुठे पुरलंस ते स्वतःच्या तोंडाने सांग.